अर्धी झाडलेली बाग

काकू,

ट्रेलरवाला आला होता. रिकाम्या ट्रेलरने परत गेला. तुमच्या निखिलदादाने पर्थहून फोनवरच त्याला ठरवलं होतं. मागच्या अंगणात उभं राहून त्याने वाळलेली झाडं बघितली, पानांचा थर बुटाने उकरला आणि मला विचारलं, "ऑल धिस डेड स्टफ गोइंग, लव्ह?" मी म्हटलं, आज नाही. तो "नो वरीज" म्हणाला आणि निघाला. तुम्ही असतात तर आधी त्याला चहा पाजला असता आणि मग 'डेड' या शब्दावरून त्याची शाळा घेतली असती.

तुम्ही गेल्यावर मंडळाच्या ग्रुपवर खूप लिहून आलं. टूवूंब्यात मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी होती तेव्हापासूनच्या तुम्ही, एक्सरे वाचणाऱ्या मोठ्या डॉक्टर, गणपतीला सगळ्यांना घरी बोलावणाऱ्या. सगळं खरं आहे. पण त्यात बाग कुठेच नाही, आणि तुमचं-माझं जे काही होतं ते त्या बागेतच होतं. त्यातलं निम्मं भांडण होतं.

मी यवतमाळकडची. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली. हे मी लाजत सांगत नाही आणि कुणाला दया यावी म्हणूनही सांगत नाही. आहे ते आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. तुमच्या परसातल्या ग्रॅनी फ्लॅटमध्ये भाड्याने राहायला आले तेव्हा दारातच तुम्ही विचारलं होतं, "काय शिकतेस?"

"एमएस्सी. पिकांवरच्या किडी."

"बरं झालं. भांडायला कुणीतरी आलं."

मला वाटलं, पुण्याची माणसं अशीच बोलत असतील.

त्याच वर्षी इथला शरद संपता संपता, म्हणजे मे महिन्यात, तुम्ही निखिलदादाकडे गेलात. आमच्याकडे कुणाच्या घरी राहिलं तर हातावर हात ठेवून बसत नाहीत. घरची बाई बाहेरगावी गेली तर तिने परत येऊन थक्क व्हावं असं काहीतरी करून ठेवायचं, ही रीत. मी तुमची बाग साफ केली. टोमॅटोचे वाळके वेल, भोपळ्याचे, झेंडूच्या काड्या, कुंपणाजवळची काळी पडलेली झुडपं, सगळं कापून काढलं, पानं झाडली, सडा घातला आणि मागच्या पायरीशी छोटीशी रांगोळीसुद्धा काढली. तुम्ही बॅग हातात घेऊनच मागे आलात.

"हे कुणी केलं?"

"मी," असं म्हणून मी कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

"माझा हायड्रेंजिया कुठे आहे?"

"वाळला होता, काकू."

"वाळला नव्हता. झोपला होता. पुढच्या वर्षीची फुलं त्या काड्यांच्या टोकाला बसली होती."

त्या उन्हाळ्यात हायड्रेंजिया फुलला नाही. घरी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही रिकामं झुडूप दाखवायचात आणि म्हणायचात, "यंदा फुलं नाहीत. आमच्याकडे एमएस्सी आहे."

हायड्रेंजियाचं मी तेव्हाच मान्य केलं. बाकीचं मात्र नाही. तुमचं म्हणणं, थंडी संपेपर्यंत बागेतलं काही हलवायचं नाही, पानं मातीवर, काड्या उभ्या. माझं म्हणणं, थंडीआधी सगळं काढायचं. कारण मी कापसाच्या घरची आहे. आमच्याकडे वेचणी झाली की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, मुळासकट उपटतात. उभी ठेवली तर बोंडअळी त्यात मुक्काम करते आणि पुढच्या पिकावर पहिल्या दिवसापासून बसते. बाबा म्हणतात, "पऱ्हाटी ठेवली त अळी घरजावई होते." आणि इथे डाउन्सच्या पठारावर डॅल्बी गावाकडेही कापूसवाले थंडीत जमीन नांगरून आत झोपलेले अळीचे कोष मोडतातच. हे सगळं मी तुम्हाला एका दमात सांगितलं.

तुम्ही म्हणालात, "ही बाग आहे. कापसाचं वावर नाही."

"ते अळीला कुठे माहीत आहे?"

चष्म्याच्या वरून तुम्ही माझ्याकडे कितीतरी वेळ बघितलंत. मला वाटलं, आता खोली सोडायला सांगणार. तुम्ही म्हणालात, "बस. चहा टाकते. नीट पहिल्यापासून सांग."

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली. आमच्याकडे मी बारावी झाले तेव्हापासून माझ्याशी कुणी वाद घातला नव्हता. ताई शिकलेली आहे, ताई म्हणेल ते बरोबर, असं म्हणून सगळे गप्प. किंवा मग, पोरीच्या जातीला काय कळतं, असं म्हणून गप्प. दोन्हीकडे मी एकटीच. माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेऊन, त्यातली चूक काढून, माझ्याच ताटात वाढणारं माणूस मला तुमच्या रूपाने पहिल्यांदा भेटलं. शिकल्याचं सार्थक मला पदवीच्या कागदाने नंतर वाटलं. आधी तुमच्या त्या "पहिल्यापासून सांग"ने वाटलं.

मग कोविड आला. युनिव्हर्सिटी बंद झाली, विमानं बंद, देशाच्या सीमा बंद. माझं कॅफेतलं काम गेलं. तुम्ही सत्तरी ओलांडलेल्या आणि छातीचे एक्सरे आयुष्यभर बघितलेल्या, म्हणून पहिल्याच दिवशी जाहीर केलंत, "तुझं घर वेगळं, माझं घर वेगळं. भेटायचं ते बागेत." कपडे वाळत घालायच्या त्या गोल फिरणाऱ्या दांडीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. तुमचा थर्मास तुमच्याकडे, माझा माझ्याकडे. मी तुमचं वाणसामान आणून पायरीवर ठेवायची आणि तुम्ही डब्यात आमटी घालून त्याच पायरीवर ठेवायचात, वर चिठ्ठी नाही, काही नाही, फक्त खिडकीतून हाक, "खारट झालीय, पाणी घाल." जग घरात कोंडलेलं आणि आपण दोघी भोपळ्याच्या वाळक्या पानांवरून भांडतोय. तुम्ही एकदा म्हणालात, "बाकी काही हातात नाही ना आपल्या, मग ह्याचा तरी निकाल लावू."

सुतळी तुम्ही आणलीत. भाजीच्या वाफ्यांच्या मधोमध खुंट्या ठोकून ती ताणली. कुंपणाकडचं अर्धं तुमचं, घराकडचं अर्धं माझं. माझ्या अर्ध्यात मी सगळं कापून, झाडून, माती उघडी केली. तुमच्या अर्ध्यात तुम्ही एक पानसुद्धा हलवलं नाहीत. दोन्हीकडे एकेक कढीपत्ता. हायड्रेंजियाला मात्र तुम्ही चाचणीतून बाहेर ठेवलंत. म्हणालात, "त्याने आधीच सोसलंय."

त्याच थंडीत माझा पदवीदान समारंभ रद्द झाला. कागद पोस्टाने आला. मी तो कपाटात ठेवला आणि तुम्हाला सहज सांगितलं. रविवारी सकाळी खिडकीतून हाक आली, "साडी नेस आणि बाहेर ये. घरी फोन लाव."

तुम्ही पायरीवर उभ्या. अंगावर तुमचा पुण्याहून आणलेला जुना काळा गाऊन, डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत येत होता. म्हणालात, "आज कुलगुरू मी." फोन आपण चिमट्यांनी कपड्यांच्या दांडीला लावला. पलीकडे आई-बाबा, शेजारचे दोन-चार जण, सगळे नवे कपडे घालून बसलेले. मी सुतळीच्या टोकाला उभी राहिले. तुम्ही कागद हातात घेतलात आणि घसा साफ केलात. तेवढ्यात वारा आला आणि दांडी गर्रकन फिरली.

"डॉक्टरीणबाई," बाबांचा आवाज आला, "आम्हाले भिंत दिसून राहिली."

दांडी धरून ठेवायला तिसरं माणूस नव्हतं. मग तुम्ही एका हाताने दांडी धरलीत, दुसऱ्या हातात कागद, आणि माझं नाव घेतलंत. शीतल ज्योती रामदास. आईचं नाव आधी. आईने तोंडाला पदर लावला. कुठल्याही मोठ्या सभागृहात ते नाव इतकं नीट कुणी घेतलं नसतं, काकू. मी सुतळीवरून चालत तुमच्यापर्यंत आले. एका बाजूला माझी झाडलेली माती, दुसऱ्या बाजूला तुमचा पसारा, गवतावर अजून पांढरा फ्रॉस्ट. अंतर राखायचं म्हणून तुम्ही कागद खुर्चीवर ठेवलात आणि मागे सरकलात. मी तो उचलला. माझ्या आयुष्यात मी इतकी ताठ कधी चालले नव्हते.

नंतर बाबांनी विचारलं, "ते अर्धं वावर काहून तसंच ठेवलं वं, शीतल?"

मी काही बोलायच्या आत तुम्ही म्हणालात, "ते माझं आहे."

"तुमचं आहे त मग राहू द्या."

"राहू द्या कशाला? चुकीचं वाटत असेल तर सांगा."

बाबा फोनजवळ सरकले. "चुकीचंच वाटते, बाई. पण तुमच्याकडं पाणी गोठते म्हणे. म्या गोठलेलं रान पाह्यलं नाई. त कसं सांगू?"

फोन ठेवल्यावर तुम्ही गाऊनची घडी घातलीत. मग म्हणालात, "जे बघितलं नाही त्यावर बोलायचं नाही, एवढं मला माझ्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवावं लागलं. तू घरून शिकून आलीस." ते वाक्य मी त्याच दिवशी बाबांना फोन करून सांगितलं. त्यांनी ते गावात किती जणांना सांगितलं याचा हिशेब नाही.

वसंतात निकाल आला, पण निकाल म्हणावा असा नव्हता. माझ्या बाजूला गोगलगाई कमी, भोपळ्यावर भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, जवळजवळ नाही. तुमच्या बाजूला माती मऊ, ओली, कोथिंबीर आपोआप उगवलेली. माझा कढीपत्ता फ्रॉस्टने बुडापर्यंत जळाला, तुमचा पानांच्या पांघरुणात हिरवागार. पुढे कित्येक महिने फोडणी टाकताना तुम्ही खिडकीतून ओरडायचात, "शीतल, कढीपत्ता तुझ्या बाजूचा घेऊ की माझ्या?" मी भुरी न पडलेला भोपळा तेवढा तुमच्या पायरीवर ठेवून यायची.

आणि त्या छोट्या काळ्या मधमाश्या. तुमच्या बाजूच्या एका पोकळ काडीच्या तोंडाशी तुम्ही मला भिंग धरून बसवलंत. मी कात्री काढली, काडी उभी चिरून बघायला. तुम्ही माझं मनगट धरलंत. कोविड आल्यापासून तुम्ही मला पहिल्यांदाच हात लावला होता.

"न कापता आत काय आहे ते बघायला शिक. मी जन्मभर तेच केलं."

मग आपण नुसत्या बसलो. बऱ्याच वेळाने एक माशी मागे मागे सरकत बाहेर आली.

मी म्हटलं, "तरीसुद्धा, काकू, कुंपणाकडची बाजू तुमची. तिथे वारा कमी लागतो. कढीपत्ता पानांमुळे वाचला की कुंपणामुळे, हे कसं ठरवायचं?"

तुमचा चेहरा उजळला. खरंच उजळला. मुलीने हाताने केलेली पोळी टम्म फुगल्यावर एखाद्या आईचा होईल तसा. "हे बरोबर विचारलंस. पुढच्या थंडीत बाजू बदलायच्या. माझ्या अर्ध्यातलं सगळं काढून तुझ्या अर्ध्यात टाकायचं. एका वर्षावर मत बनवलंस तर तुझा तो कागद परत घेईन."

उन्हाळ्यात मला डॅल्बीच्या बाजूला बग-चेकरचं काम मिळालं. सकाळी गाडी काढायची, कापसाच्या ओळींमधून पानं उलटी करत फिरायचं, अळ्या किती आणि कुठल्या ते शेतकऱ्याला सांगायचं. तिथली माती आमच्यासारखीच काळी, पायाला चिकटणारी. मुलाखतीत त्यांनी विचारलं होतं, स्वतः कधी एखादी चाचणी घेतली आहे का. युनितला प्रोजेक्ट सोडून मी आपली सुतळी सांगितली. कढीपत्ता, गोगलगाई, कुंपण, सगळं. समोरचा माणूस हसला आणि म्हणाला, "अँड हू वन?" मी म्हटलं, अजून ठरायचं आहे, दुसरं वर्ष बाकी आहे. मला वाटतं, काम मला त्या उत्तरावर मिळालं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही. दुसरं वर्ष झालं की सांगणार होते, निकालासकट. आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "म्हणजे पगारात निम्मा वाटा माझा."

या शरदात तुम्ही थकलात. हृदय कमी काम करतंय हे तुम्हीच मला तुमच्या रिपोर्टवर बोट ठेवून समजावून सांगितलंत, जणू दुसऱ्याच कुणाचं आहे. पांघरूण घेऊन खुर्चीत बसायचात. खुर्च्या आता जवळजवळ आल्या होत्या. मी म्हटलं, "यंदा राहू द्या बाजू बदलायचं. तुम्ही आधी बऱ्या व्हा."

"माझ्या बरं होण्याचा आणि भोपळ्याच्या वेलांचा काय संबंध?"

मी तुमचं पांघरूण नीट केलं.

"आणि ऐक. मी गेले म्हणून माझं म्हणणं खरं धरू नकोस. आपल्या लोकांना ती खोड आहे. माणूस गेलं की त्याचं सगळं बरोबर होऊन बसतं. जिवंतपणी त्याला कुणी विचारत नाही ते वेगळंच. मला तसलं काही नको. हरवायचं तर नीट हरव."

"आणि जिंकलात तर?"

"तर तू आयुष्यभर पानं झाडायची नाहीस. एवढंच."

त्यानंतर वाद घालायला फार वेळ मिळाला नाही.

निखिलदादाला तुमच्या अंत्यविधीला येता आलं नाही. पर्थला तेव्हाच लॉकडाउन आणि सीमेचे नियम रोज बदलत होते. त्याने सगळं फोनच्या पडद्यावर बघितलं. तो पडदा मी धरला होता. या वेळी हात हलू दिला नाही.

ट्रेलरवाला गेल्यावर मी निखिलदादाला फोन केला. घर विकायचं हे त्याने आधीच सांगितलं होतं, त्यात माझं काही म्हणणं नव्हतं.

"शीतल, एजंटला फोटो काढायचे आहेत. ही सेड द बॅकयार्ड लुक्स डेड. मला वाटलं तू खूश होशील. तुलाच सगळं साफ हवं असायचं ना? आई सारखी कम्प्लेन करायची."

"हो. माझं मत अजून तेच आहे, दादा."

"देन?"

"पण या वर्षी फक्त त्यांची बाजू साफ करायची आहे. माझ्या बाजूला पसारा ठेवायचा आहे. वसंतापर्यंत. काकूंबरोबर ठरलं होतं."

मला वाटलं, आता तो म्हणेल की हा काय पोरखेळ. मग म्हणाला, "बाजू बदलायच्या. ऑफ कोर्स. मी लहान होतो तेव्हा दोन टूथपेस्टची ट्रायल घेतली होती तिने माझ्यावर. वर्षभर. उजवे दात एकीने, डावे दुसरीने. मग बाजू बदलली."

"मग? कुठली जिंकली?"

"माहीत नाही. बाजू बदलल्यावर सिक्स मंथ्समध्ये माझे दुधाचे दात पडले."

दोघंही हसलो. मग त्याला हसणं थांबवता येईना, आणि नंतर ते हसणं राहिलं नाही. मी फोन कानाला लावून बसून राहिले. शेवटी तो म्हणाला, "घर स्प्रिंगमध्ये लावू मार्केटला. एजंटला सांगतो. फुलं आली की फोटो बरे येतात. मला रिझल्ट पाठव."

शनिवारी सकाळी मी सुरुवात केली. तुमची बाजू कापताना वाटेल असं वाटलं होतं ते सगळं वाटलं. ते लिहीत नाही. पण हात थांबवला नाही. तुमच्या हातचे टोमॅटोचे वेल काढले, झेंडू काढला, पानं खराट्याने ओढली, तुमची ती मऊ माती उघडी केली. पोकळ काड्या मात्र न चिरता, एकेक अलगद कापून, पऱ्हाटीचे बांधतात तसे छोटे भारे बांधले आणि माझ्या बाजूला उभे रोवले. आत कुणी असेल तर त्याला घर बदलल्याचं फारसं कळू नये. तुमची सगळी पानं माझ्या वाफ्यावर पसरली. बुडापासून पुन्हा फुटलेल्या माझ्या कढीपत्त्याभोवती जरा जास्त. तुमचा कढीपत्ता आता उघडा उभा आहे. दर दोन पावलांवर त्याला झाकावंसं वाटलं. झाकला नाही. ते नियमात बसत नाही.

मग बाबांना व्हिडिओवर बाग दाखवली. ते म्हणाले, "आता तुयं अर्धं घाण दिसते अन् डॉक्टरीणबाईचं चकाचक."

"हाव, बाबा. असंच ठरलं होतं."

"त मग बरोबर आहे," ते म्हणाले.

हायड्रेंजियाला कुणी हात लावलेला नाही. काड्यांच्या टोकांना कळ्या आहेत, घट्ट मिटलेल्या. सुतळी जुनी झाली होती, तीच पुन्हा ताणून बांधली. माझ्या वाफ्यावर इतका पसारा मी जन्मात ठेवला नव्हता, आणि मी त्याच्यासमोर चहा घेऊन ताठ बसले आहे.

माझं मत बदललेलं नाही, काकू. पण थंडी आता कुठे सुरू होते आहे.